गार्लिक मस्टर्ड

गार्लिक मस्टर्ड (शास्त्रीय नाव: ॲलिॲरिया पेटिओलाटा) ही मोहरीच्या कुळातील द्विवर्षायू वनस्पती आहे. ती मूळची युरोप, पश्चिम व मध्य आशिया आणि वायव्य आफ्रिकेतील असून उत्तर अमेरिकेच्या जंगलांत आक्रमक तण ठरली आहे. तेथील तिची पहिली नोंद १८६८ साली न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे झाली. खाद्य व औषधी उपयोगासाठी युरोपीय वसाहतकारांनी ती आणली असावी, असे मानले जाते.

ओळख

पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा गुच्छ येतो. ही पाने वृक्काकृती, गोलसर दातेरी कडांची असून हिवाळ्यातही हिरवी राहतात. दुसऱ्या वर्षी वसंत ऋतूत सुमारे एक मीटरपर्यंत उंच खोड वाढते. त्यावरील पाने त्रिकोणी व तीक्ष्ण दातेरी असतात. शेंड्याला चार पाकळ्यांची लहान पांढरी फुले येतात. पुढे लांबट, बारीक शेंगा धरतात व त्यांत काळ्या बिया असतात.

पान चुरडल्यास लसणाचा वास येतो, हीच सर्वांत प्रसिद्ध खूण होय. मात्र पाने जून होतात तसा हा वास मंदावतो. शिवाय काही रोपे उपटल्यावर बोटांनाच वास लागतो आणि मग कोणतेही पान लसणाचेच भासते. अशा वेळी मूळ पाहावे: खोडाच्या बुडाशी पांढरे सोटमूळ बहुधा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले असते.

व्हायोलेट व ग्राउंड आयव्ही यांची पाने पहिल्या वर्षाच्या रोपांसारखी दिसतात. ग्राउंड आयव्हीची खोडे मात्र जमिनीवर सरपटतात. टूथवर्ट या स्थानिक वनस्पतींशी होणारी गल्लत अधिक महागात पडते. त्या याच कुळातील असून त्यांची फुलेही चार पाकळ्यांची, पांढरी वा फिकट गुलाबी असतात. परंतु त्यांची पाने खोलवर विभागलेली असतात. ‘वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट’ या फुलपाखराच्या अळ्या टूथवर्टवर वाढतात. हे फुलपाखरू गार्लिक मस्टर्डवरही अंडी घालते, पण त्या अळ्या जगत नाहीत. तणाच्या समजुतीने टूथवर्ट उपटले गेल्यास अळ्यांचे खरे अन्नच नष्ट होते.

परिणाम व नियंत्रण

या तणातील रसायने झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना बाधक ठरतात, त्यामुळे स्थानिक रोपांची वाढ खुंटते. हरणेही ते सहसा खात नाहीत. बी धरण्यापूर्वी रोपे मुळासकट उपटणे हा प्रचलित उपाय आहे. फुलावर आलेली उपटलेली रोपे तेथेच टाकल्यास त्यांत बी पक्व होऊ शकते, म्हणून ती पिशवीत भरून हलवतात. मातीतील बी अनेक वर्षे जिवंत राहते. त्यामुळे त्याच जागेची पाहणी दरवर्षी करावी लागते.