पेव, बळद आणि केळी

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण वर्गात सहज शिकवतो. मात्र पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीतील कोठार, हे विद्यार्थ्यांना आता मुद्दाम सांगावे लागते. आमच्या मते, या विस्मरणात खानदेशी कुटुंबाच्या इतिहासाचा एक धागा आहे.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरात सावदा हे तालुक्याचे ठिकाण आहे. त्या काळी दुष्काळाची तरतूद घरातच असे. ज्वारीसाठी पेव वा बळद, किडीवर राख आणि कडुनिंबाचा पाला, अडीनडीला गहाण टाकायचे चांदीचे दागिने. परंतु ही तरतूद कुणाची? ज्याचे शेत, त्याची. मजुराच्या घरी कणगीही भरत नसे. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून लोकांना दुष्काळसंहितेतील हक्क मागण्यास सांगितले, त्याचे महत्त्व इथे कळते. तोच विचार पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या रूपाने उभा राहिला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला.

दरम्यान सावदा-रावेर परिसर केळीचा झाला, रेल्वेने माल उत्तरेकडे जाऊ लागला. पैसा आला. पण केळी बळदात राहत नाही. एका वादळात उभी बाग आडवी होते, आणि कुटुंबाची भिस्त भाव, कर्ज व फळपीक विम्यावर येते. तरतूद घराबाहेर गेली. तिच्यावरचा ताबाही गेला. ग्रामीण साहित्यातील रिकाम्या कणगीचे वर्णन शिकवताना हा बदल विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा.