शून्य मापाचा टॅपेट

जुन्या बुलेटचा टॅपेट, म्हणजे वॉल्व चालवणाऱ्या भागांतली फट, खानदेशातले मिस्त्री फिलर गेज (फट मोजायचे पातळ पाते) न लावता बोटांनी सेट करतात. कोणाला हा अंदाजपंचे कारभार वाटतो, तर कोणाला उपजत हातगुण. इतिहास आणि इंजिनाची रचना शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही समज टिकत नाहीत. बोटांनी फट पाहण्याची रीत या इंजिनाबरोबर कारखान्यातूनच आली. ती समजून घेणारी नजर मात्र जळगाव-धुळ्यात मोटारसायकलीच्या आधीपासून तयार होती, आणि ती तयार केली विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने.

आधी इंजिन पाहू. बुलेटचे मूळ इंग्लंडमधल्या रेडिचचे. भारतीय लष्कराने मागणी केली, पाठोपाठ १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. विलायतेत ही गाडी बंद पडली तरी तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे तेच ३४६ सीसी इंजिन किरकोळ फेरफारांनिशी पुढे कित्येक दशके बनत राहिले. यात कॅम खाली, वॉल्व वर हेडमध्ये आणि दोहोंना जोडणारे दोन लांब पुश रॉड. इंजिन तापले की सगळेच भाग लांबतात. रॉड आणि वॉल्वला लांबायला जागा उरली नाही, तर वॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट वॉल्वची बरीचशी उष्णता सीटवाटेच बाहेर जाते. ती वाट बंद झाली की वॉल्व जळतो. म्हणूनच बहुतेक इंजिनांत गार असताना थोडी फट राखतात. बुलेटला मात्र गार इंजिनावर फट शून्य सांगितली आहे. तिचे बॅरल बिडाचे आणि पुश रॉड अॅल्युमिनियमचे. तितक्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट वाढते, पण रॉड बॅरलइतके तापत नाहीत. त्यामुळे चालत्या इंजिनात दोघांची वाढ जवळपास जुळते. आता शून्य फट गेजने मोजायची कशी? सर्वांत पातळ पात्यालाही जाडी असतेच. म्हणून पिस्टन कंप्रेशनवर वर आणायचा, बॅरलच्या बुडाशी असलेले झाकण काढायचे आणि रॉड चिमटीत धरून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मापाचे साधनच इथे बोट आहे.

हे हात खानदेशात घडले कुठे? मोटारसायकलीच्या धंद्यात ते घडणे अवघड होते. साठ ते ऐंशीच्या दशकांत गावोगाव दिसणाऱ्या राजदूत, जावा आणि येझ्दी या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट नसतातच. पॉइंट, प्लग, कार्बन काढणे यांत तरबेज असलेल्या मिस्त्रीला टॅपेट या शब्दावाचून अडण्याचे कारण नव्हते. बुलेट होती, पण थोडी. या मुलखात फोर-स्ट्रोक इंजिन शेतकऱ्याच्या बांधावर आले ते मोटेची जागा घ्यायला. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि वीज पोचण्याआधी विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीला बारमाही पाणी लागते. ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद पडून राहिले तर बाग हातची जाते. त्यामुळे दुरुस्ती गावातच व्हावी लागे. एका सिलिंडरचे ते इंजिन हाताने फिरवून कंप्रेशन ओळखायचे, दोन्ही वॉल्व बसलेत याची खात्री करायची, चेक नट ढिला करून स्क्रू फिरवायचा आणि नट आवळल्यावर फट पुन्हा तपासायची. बुलेटवर हाच क्रम आहे. फक्त हँडलच्या जागी किक येते आणि वरच्या रॉकरऐवजी काम खाली रॉडच्या बुडाशी चालते.

यावर कोणी म्हणेल, टॅपेट शिकवला तो ट्रकांनी. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात. शिवाय एसटीच्या कार्यशाळाही होत्या. शहरातल्या गॅरेजांपुरते हे म्हणणे मान्य करायला हवे. पण ट्रकचे इंजिन चार-सहा सिलिंडरांचे, आणि ते काम महामार्गाच्या कडेला किंवा डेपोत चालणारे. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या खेड्यात एकट्या सिलिंडरशी रोजची गाठ पडे ती विहिरीवरच. दुसरे असे की ऑइल इंजिनाला फिलर गेज लागतोच. म्हणजे ज्याने ते काम केले, त्याला गेज ठाऊक होता. बुलेटसमोर त्याने गेज बाजूला ठेवला, तर त्यामागे अडाणीपणा असण्यापेक्षा इंजिनांतला फरक कळल्याचीच शक्यता अधिक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोट इतके अचूक असेल, तर जुन्या बुलेटचे वॉल्व का जळतात? याचे उत्तर बरेचसे कानात आहे. टॅपेट वाजला की मालक अस्वस्थ होतो, आणि आवळलेला टॅपेट वाजत नाही. गिऱ्हाइकाच्या कानाला बरे वाटावे म्हणून आवळलेला टॅपेट महिनोन्‌महिने शांत राहतो आणि तेवढ्या काळात वॉल्व खराब करतो. वेळेचीही चूक होते. नुकत्याच चालून आलेल्या गाडीत बॅरल, हेड आणि रॉड वेगवेगळ्या तापमानाला असतात; त्या घडीचे शून्य रात्री गार झाल्यावर शून्य राहत नाही. शिवाय १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक घरोघरी पोचली. तिथे पुश रॉड नाहीत, कॅम वर हेडमध्येच आहे आणि फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत राखायची असते. अशा इंजिनावर बुलेटचे बोट चालवणे ही खरी चूक. तिचा दोष बोटाला देण्यापेक्षा इंजिन न ओळखण्याला द्यावा लागेल.

पुढे नव्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले. तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून निघू लागली आणि हे काम उरले नाही. गंमत अशी की २०२३ च्या बुलेटमध्ये स्क्रू आणि नट परतले आहेत, पण आता फट गेजनेच मोजायची आहे. जुने बिडाच्या बॅरलचे इंजिन ज्यांनी सांभाळले आहे, त्यांनी मात्र एवढे करावे: गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून पहाटेच टॅपेट पाहावा. आणि थंडीत लावलेले शून्य मे महिन्यात पुन्हा तपासावे. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या या मुलखात अॅल्युमिनियमचा रॉड बिडापेक्षा जास्त लांबतो आणि जानेवारीत बरोबर असलेला टॅपेट थोडा आवळलेला सापडू शकतो.