बिअरभट्टीतील तापमापक

पाण्यावरची वाफ विरून त्यात चेहरा दिसू लागला, की माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, त्यात कालवावे, हा इंग्लंडमधील बिअर बनवणाऱ्यांचा जुना ठोकताळा होता. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून याने १७५८ च्या ग्रंथात त्याऐवजी फॅरनहाइटच्या तापमापकाचा आग्रह धरला. पिष्टाची साखर करणारी विकरे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला उत्तम काम करतात, हे कारण उमगण्याच्या कितीतरी आधीचे हे मोठेच धाडस होय.

मात्र तापमापकही बदलतो. सॅलफर्डच्या बिअर-व्यावसायिक घराण्यातील भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूल याने एकच पाऱ्याचा तापमापक १८४४ ते १८८२ या काळात वारंवार तपासला, तेव्हा काचेचा फुगा सावकाश आकसल्याने गोठणबिंदूची खूण वर सरकत गेलेली आढळली. म्हणूनच घरगुती बिअरसाठीही तापमापक ठेचलेल्या, वितळत्या बर्फात अधूनमधून पडताळावा लागतो.