परवाना आणि योगदान (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

मुक्तस्रोत प्रकल्पाचा सोर्स कोड कोणत्या अटींवर वापरता, बदलता आणि वाटता येईल, हे परवान्यात लिहिलेले असते. नुसता वापरणारा तो सहसा वाचत नाही. कोड लिहून देणाऱ्याने मात्र तो वाचायलाच हवा, कारण त्याच्या फुकटच्या कष्टाचे पुढे काय होणार ते त्यावरच ठरते.

परवान्यांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एमआयटी, बीएसडी, अपाची हे सैल परवाने. मूळ कर्त्याची नोंद राखली की कोड बंदिस्त उत्पादनातही घालता येतो. जीपीएलच्या घराण्यात, बदललेला कोड वाटायचा असेल तर त्याच अटींवर वाटावा लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ साली तो जीपीएलखाली आला. पुढे एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकाच कर्नलला कोड देऊ लागल्या. बंधन सर्वांना सारखेच असल्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरी एलएलव्हीएम या कंपायलर-संचासारखे सैल परवान्याचे प्रकल्पही कंपन्यांच्या योगदानावर वाढले, तेव्हा सारे श्रेय परवान्याला देता येत नाही.

सर्वांत बोलका दाखला ऑफिस सॉफ्टवेअरचा आहे. ओपनऑफिसला कोड देणाऱ्याला त्याच्या स्वामित्वहक्कात सन कंपनीला वाटेकरी करावे लागे. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी अनेक जुन्या कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली, ती लिब्रेऑफिसची. तिथे हक्क लिहून देण्याची अट नव्हती. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची प्रतिष्ठानला दिले, आणि कोडची वाट एकेरी झाली. आयबीएमच्या सिंफनी या ऑफिस सॉफ्टवेअरमधली बाजूपट्टी २०१३ मध्ये ओपनऑफिस ४.० मध्ये आली. अपाची परवाना सैल असल्याने लिब्रेऑफिसने ती उचलली. लिब्रेऑफिसच्या एमपीएल आणि एलजीपीएल या परवान्यांखालच्या सुधारणा मात्र अपाचीच्या नियमांत बसत नसल्याने परत गेल्या नाहीत. ओपनऑफिस २०१४ पासून ४.१ च्याच किरकोळ आवृत्त्या काढत आहे.

परवाना मध्येच बदलला तर योगदान देणारे उठून जाऊ शकतात. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी परवाना सोडला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच कोडवरचा व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प उभा राहिला, जुना बीएसडी परवाना कायम ठेवून. मे २०२५ मध्ये रेडिसने जीपीएलच्या घराण्यातल्या एजीपीएलचा पर्याय दिला, पण तोवर घर फुटले होते.

स्वामित्वहक्क हजारो हातांत विखुरलेले असले की परवान्यात असा बदल करणे अवघड होते. लिनक्स कर्नल हक्क लिहून मागत नाही. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशा अर्थाची नावासह एक ओळ पुरते.

प्रकल्पात परवान्याची फाइलच नसेल, तर कोड उघड दिसत असला तरी कायद्याने सर्व हक्क राखीव असतात. अशा ठिकाणी पॅच पाठवण्याआधी मालकाला परवाना लावायला सांगावे.