नौदल दिन

भारतीय नौदलाचा वार्षिक गौरवदिन. दरवर्षी ४ डिसेंबरला पाळतात. १९७१ च्या युद्धात नौदलाने कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याची ही तारीख. या दिवशी सार्वजनिक सुटी नसते. मालवणच्या किनारपट्टीवर, तोंडवली-तळाशीलच्या वाळूच्या पट्ट्यापासून देवबागपर्यंत, या दिवसाशी लोकांचा संबंध आहे तो मुख्यतः नोकरीतून. ‘झील नेव्हीत लागलो’ (मुलगा नेव्हीत लागला) असे कुणी सांगितले, की पुढे काही विचारावे लागत नाही. २०२३ साली नौदल दिनाचा मुख्य सोहळाच या किनाऱ्यावर झाला.

पहिला नौदल दिन २१ ऑक्टोबर १९४४ रोजी, ‘रॉयल इंडियन नेव्ही’च्या काळात झाला. ती तारीख ट्रफॅल्गरच्या लढाईची. १८०५ साली नेल्सनच्या आरमाराने मिळवलेल्या विजयाचा दिवस हिंदी खलाशांनी संचलन करून साजरा करायचा, अशी ही योजना होती. दुसरे महायुद्ध चालू होते, भरती जोरात होती आणि लोकांना नौदल दाखवणे सरकारला गरजेचे वाटत होते. त्याच सुमारास, फेब्रुवारी १९४५ मध्ये, लोणावळ्याच्या प्रशिक्षण केंद्राला ब्रिटिशांनी ‘शिवाजी’ हे नाव दिले. आज नौदल आणि शिवछत्रपती यांची सांगड नव्याने घातली गेली असे वाटते, पण तिचा हा जुना धागा सहसा कुणी सांगत नाही.

१९४५ साली हा दिवस १ डिसेंबरला आला, आणि इथेच त्याचा अर्थ प्रथम फिरला. मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात लोकांना आत सोडण्याची तयारी झाली होती. आदल्या रात्री काही खलाशांनी कवायतीच्या मैदानावर ‘चले जाव’च्या घोषणा रंगवल्या, शोभेच्या पताका जाळल्या आणि डोलकाठीवर झाडू व बादल्या टांगल्या. ज्यांच्या नावाने उत्सव होता त्यांनीच तो नाकारला. या गटातले बलाईचंद्र दत्त फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी पकडले गेले. निकृष्ट अन्न, वेतनातला भेद आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ या तक्रारी साचत होत्याच. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’वर संप पुकारला गेला आणि तो कराचीसह इतर बंदरांत पसरला. २३ फेब्रुवारीला खलाशांनी माघार घेतली. पुष्कळांना नोकरीतून काढण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतले नाही. नौदलाने आपल्या टगबोटींना बलाईचंद्र दत्त व संपाचे एक नेते मदन सिंग यांची नावे दिली, कुलाब्यात खलाशाचा पुतळा उभा राहिला. पण ही दखल फार उशिरा घेतली गेली. नौदल दिनाच्या इतिहासात १९४५ ची ती रात्र ठळकपणे सांगितली जायला हवी.

स्वातंत्र्यानंतर हा दिवस १५ डिसेंबरला होऊ लागला. १९७२ मध्ये वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांच्या परिषदेत ४ डिसेंबर ही तारीख ठरली. १९७१ मध्ये त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर चाल केली. या छोट्या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, लांबच्या पल्ल्यासाठी नव्हेत. म्हणून त्यांना मोठ्या जहाजांच्या दोराने ओढत गुजरातच्या बाजूने पुढे नेण्याची युक्ती योजली गेली. ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली. आपल्या बाजूला एकही माणूस गमावला नाही. मात्र पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली ‘खुखरी’ ही युद्धनौका पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. विजयाची तारीख सणाची झाली. ‘खुखरी’वरच्या माणसांच्या घरांत मात्र डिसेंबर म्हणजे ९ तारीख.

दीर्घकाळ मुख्य समारंभ दिल्लीत होत असे. २०२२ पासून तो किनाऱ्यावर नेण्याचे धोरण आले : त्या वर्षी विशाखापट्टणम, २०२३ मध्ये सिंधुदुर्ग, २०२४ मध्ये पुरी, २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम. ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण केले आणि तारकर्लीच्या वाळूवर हजारो माणसांसमोर युद्धनौका, हेलिकॉप्टर व कमांडोंची प्रात्यक्षिके झाली. अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील चिन्हांत शिवकालीन आरमाराचा वारसा दिसेल, अशी घोषणाही झाली; नौदलाच्या ध्वजावर राजमुद्रेपासून स्फुरलेली अष्टकोनी चौकट २०२२ मध्येच आली होती. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्या किनाऱ्याला हा मान मिळणे योग्यच होते. राजकोटचा तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. मालवणात संताप उसळला आणि मे २०२५ मध्ये नव्या पुतळ्याचे अनावरण झाले.

या सोहळ्यांत निवृत्त खलाशाचे स्थान लहानच राहते. नौदल दिन सेवेतल्या दलाचा. माजी सैनिकांसाठी दोन दिवस वेगळे आहेत. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज छातीवर लावून त्याचा निधी गोळा होतो. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन २०१६ पासूनचा. १९५३ साली त्या तारखेला लष्करप्रमुख जनरल करिअप्पा निवृत्त झाले. कोकणात तो अनेकदा संक्रांतीच्या दिवशीच येत असल्याने घरच्या तिळगुळात झाकला जातो. पंधरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत ‘पेन्शनीत’ आलेला खलाशी गावी परततो तेव्हा त्याच्यापुढे निम्मे आयुष्य उरलेले असते. हयातीचा दाखला, कँटीन कार्ड, दवाखान्याचे कार्ड यांसाठी त्याला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. २०२३ च्या सोहळ्यानिमित्त मालवणला रस्ते आणि पाहुणे मिळाले. निवृत्त खलाशांना घराजवळ दवाखान्याची सोय मिळेल, तर ४ डिसेंबर त्यांच्याही हिशेबात जमा होईल.