बेणं: खायचं की लावायचं?

आजचा भाग बटाट्यावर आहे. रेसिपी नाहीये, इतिहास आहे.

भाजीच्या टोपलीत तळाशी राहिलेल्या बटाट्याला कोंब येतात. मग घरात चर्चा होते: टाकायचा, खायचा की कुंडीत लावायचा? आपल्याकडे हा दोन मिनिटांचा विषय. पण काही माणसांसाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. त्यातल्या दोन गोष्टी आज सांगतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. ‘आगाऊ बेणं आहे’ असं आपण एखाद्याला म्हणतो ना, ते बेणं. ऊस, हळद, आलं, बटाटा यांचा लागणीसाठी राखून ठेवलेला भाग म्हणजे बेणं. उसाच्या कांडीवर डोळा असतो, तसे बटाट्यावरही डोळे असतात. कारण बटाटा हे मूळ नाही, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. डोळ्यातून जे झाड येतं ते आधीच्या झाडाची हुबेहूब कॉपी, म्हणजे क्लोन.

आता गंमत बघा. ज्वारी-गव्हाचं बी कोरडं असतं, नीट ठेवलं तर काही वर्षं टिकतं. बटाट्याचं बेणं ओलं, जिवंत. काढणीनंतर दोन-तीन महिने ते झोपतं, मग कोंब टाकतं. तेव्हा लावलं नाही तर सुकून नाहीतर सडून जातं. म्हणजे दर वर्षी लावावंच लागतं. आणि तोपर्यंत ते डोळ्यांसमोर पडलेलं असतं, शिजवलं की लगेच पोटात जाईल असं.

पहिली गोष्ट आयर्लंडची. तिथली गरीब जनता जवळपास बटाट्यावरच जगत होती, आणि त्यातही ‘लंपर’ नावाच्या एकाच जातीवर. सगळी झाडं एकमेकांच्या कॉप्या. 1845 मध्ये करपा रोग आला. एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्यांनाच मारणार! 1846 मध्ये तर जवळपास सगळं पीक गेलं.

पण मला सगळ्यात जास्त हलवून जातं ते 1847 साल. त्या वर्षी करपा बराच कमी होता. जे बटाटे लावले होते ते चांगले आले. मग तरीही लोक का मेले? कारण लावलेलेच फार थोडे होते. आदल्या हिवाळ्यात भुकेल्या माणसांनी बेणंसुद्धा खाल्लं होतं. त्यांना दोष कोण देणार? घरात उपाशी पोर असताना पुढच्या वर्षाचा हिशोब कोण करतं? त्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त लोकांनी देश सोडला.

दुसरी गोष्ट बरोबर उलटी आहे. शहर लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरातून बियाणं गोळा करून तिथं मोठा संग्रह उभारला होता. त्यात दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या बटाट्याच्या कितीतरी जाती होत्या. आयर्लंडचा धडा हाच होता ना, की एकाच जातीवर विसंबू नका.

सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. शहराबाहेर पाव्लोव्स्कच्या शेतात लावलेले हे बटाटे शास्त्रज्ञांनी तोफांच्या माऱ्यात खणून काढले आणि शहरात आणले. मग हिवाळा आला. नोव्हेंबरअखेर बहुतेक नागरिकांचं रेशन होतं दिवसाला 125 ग्रॅम पाव. आणि संस्थेच्या तळघरात बटाटे होते!

ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेख्नोविच यांनी ते बटाटे राखले. थंडीने गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तळघर उबदार ठेवलं. उंदरांपासून सांभाळलं. स्वतः उपाशी राहिले, पण बेण्याला हात लावला नाही. 1942 च्या वसंतात ते बटाटे पुन्हा मातीत गेले. याच संस्थेत भुईमूग सांभाळणारे अलेक्सांद्र श्चुकिन आणि भात सांभाळणारे द्मित्री इवानोव्ह भुकेने मेले. दोघांच्या आजूबाजूला खाण्याजोगं धान्य होतं.

आणि वाविलोव्ह? तो तिथं नव्हताच. त्याला 1940 मध्ये अटक झाली होती. स्टालिनच्या मर्जीतला त्रोफिम लिसेन्को त्याच्या आनुवंशशास्त्राचा कट्टर विरोधक होता. 26 जानेवारी 1943 ला वाविलोव्ह सारातोव्हच्या तुरुंगात गेला, तोही उपासमारीनं खंगून. त्याच 1943 मध्ये लिसेन्कोला स्टालिन पारितोषिक मिळालं. कशासाठी माहितीये? बटाट्याचा डोळ्यांचा शेंडा कापून लावायचा आणि उरलेला खायचा, या पद्धतीसाठी. बटाटा कापून लावणं तर जुनंच होतं. युद्धाच्या काळात ते उपयोगी पडलं, हे खरंच. पण डोळा लावून नवी जात मिळत नाही, जुनीच परत येते. नव्या जातींसाठी लागतो तो वाविलोव्हचा संग्रह, जो उपाशी माणसांनी वाचवला.

आपल्याकडे काय? मंचर-खेडचे शेतकरी बेणं बऱ्याचदा पंजाबातून, जालंधरकडून आणतात. तेच तेच बेणं लावत गेलं की मावा किडीमुळे पसरणारे विषाणू त्यात साठत जातात. पंजाबात थंडीच्या काही आठवड्यांत मावा कमी असतो, म्हणून तिथं निरोगी बेणं तयार करता येतं. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज ही नावं ऐकली असतील. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव आणि या जाती केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या.

तुमच्या टोपलीतला बटाटा हिरवा पडला असेल किंवा फार कोंब आले असतील, तर खाऊ नका, त्यात सोलॅनिन हे विष वाढतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात असाल तर लावा. उजेडात ठेवा, म्हणजे कोंब आखूड आणि जाड येतात. अंधारात ते लांब, पांढरे, मरतुकडे होतात. मोठा बटाटा कापायचा असेल तर प्रत्येक फोडीवर एक-दोन डोळे ठेवा, काप एक-दोन दिवस सुकू द्या. मग जुन्या पोत्यात भुसभुशीत माती घालून लावा आणि झाड वाढेल तशी वरून माती चढवत जा. तीनेक महिन्यांत काढणी.

चार-सहा बटाटे निघतील, फार नाही. त्यातला एखादा बाजूला ठेवून बघा. घरात बटाट्याची भाजी करायची ठरली की तो किती दिवस टिकतो, ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!