पेशी वाढायच्या आदल्या दिवशी

ऑक्टोबर २०१९, सांगली. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढलेली कृष्णा केव्हाच पात्रात परतली आहे. घरांच्या भिंतींवर तिची रेघ तेवढी राहिली आहे. तुम्ही दवाखान्यात खाटेवर आहात. डेंग्यूचा सहावा दिवस. ताप काल उतरला, पण सांधे ठणकतायत, पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठलेत आणि सकाळच्या रिपोर्टवर प्लेटलेट्स १८ हजार. काल २६ होत्या. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात, हे आता घरातल्या पोराटोरांनाही पाठ झालंय. साताऱ्याहून आत्या पपईची पानं घेऊन आल्यात. दारातूनच त्या तुमच्या थोरल्या भावाला विचारतात, "किती झाल्या रं पेशी?" भाऊ रक्तपेढीला फोन लावतोय.

डोळे मिटा. तो आकडा खाटेवरच राहू द्या आणि १३७ वर्षं मागं चला.

१८८२, इटलीतलं तुरिन. संशोधक ज्युलिओ बिझोझेरो सूक्ष्मदर्शकावरून बाजूला होतात आणि तुम्ही डोळा लावता. समोर एका जिवंत प्राण्याच्या आतड्याच्या पडद्यातली रक्तवाहिनी आहे. तांबड्या पेशी धावतायत, त्यांच्यामधून रंगहीन, इवल्या चकत्या, म्हणजेच प्लेटलेट्स, जातायत, दोन-तीन मायक्रॉनच्या. बिझोझेरो वाहिनीच्या भिंतीला जराशी इजा करतात आणि बघता बघता त्या चकत्या तिथंच थबकतात, चिकटतात, एकीला दुसरी बिलगते, भोक बुजतं. आज आपल्याला याच्या आतलंही ठाऊक आहे. भिंत फाटली की खालचं कोलॅजन उघडं पडतं, चकती त्याला धरते, हातपाय पसरते, आतली रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावते. मग फायब्रिनचं जाळं त्या ढिगाला आवळून धरतं.

पुढं १९१०, बोस्टन. २० वर्षांच्या एका तरुणाच्या नाकातून रक्त थांबत नाही. डॉक्टर विल्यम ड्यूक कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन, दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावून, रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजतायत. दात्याचं रक्त त्या तरुणाला दिलं जातं, प्लेटलेट्स वाढतात, रक्त थांबतं. मला ड्यूकच्या त्या टिपकागदाबद्दल फार आदर वाटतो. किती आहेत हे तर त्यांनी मोजलंच, पण आहेत त्या काम करतात का, हेही विचारलं. आपल्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात हा दुसरा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

आता परत फिरा, पण खाटेवर येऊ नका. आदल्या रात्री, तुमच्याच मणक्याच्या हाडात उतरा. विषाणूनं इथलं काम चार दिवस मंदावलं होतं. बाहेर फिरणाऱ्या प्लेटलेट्सही काही प्रतिकारशक्तीच्या माऱ्यात मेल्या, काही उगाच चेतवल्या जाऊन थकल्या. पण त्यांच्या कमी होण्यातच उपाय आहे. यकृत थ्रॉम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडत असतं. एरवी प्लेटलेट्सच ते शोषून घेतात. त्या घटल्या की ते रक्तात उरतं आणि मज्जेला जागं करतं. इथल्या राक्षसी पेशी, मेगाकॅरिओसाइट्स, वाहिनीच्या भिंतीतून लांब शेवयांसारखे धागे बाहेर काढतायत. प्रवाहात ते तुटतात. प्रत्येक तुकडा एक नवी प्लेटलेट.

या नव्या मोठ्या आहेत. आईपेशीकडून आलेलं आरएनए अजून त्यांच्यात आहे, कणांचा साठा भरलेला आहे, जखमेला त्या जुन्यांपेक्षा चटकन धरतात. काही यंत्रं ही तरुण प्लेटलेट्सची टक्केवारी वेगळी सांगतात, आणि एकूण आकडा हलायच्या आधी बऱ्याचदा ती चढते. म्हणजे १८ हजारांचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा आत भरपाई सुरू झालेली असू शकते.

सकाळी डॉक्टर येतात. रिपोर्टकडे ओझरतं बघून ते नाडी, रक्तदाब बघतात, पोट दाबतात, लघवी किती झाली विचारतात, रक्त किती दाट झालंय ते सांगणारं हिमॅटोक्रिट तपासतात. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच घातकी. तेव्हा वाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि जीव जातो तो बहुतेक त्यानं. भाऊ पिशवीचं विचारतो. डॉक्टर नको म्हणतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला: २० हजार किंवा त्याखाली आकडा, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना आधीच प्लेटलेट्स चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढला. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, सारख्या उलट्या, पोटात कळ, यातलं काही झालं तर लगेच सांगा, असं ते भावाला बजावतात. मोठा रक्तस्राव झाला, तर पिशवी लागेलही.

चार दिवसांनी तुम्ही साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आत्यांच्या घरी आहात. ९५ हजार. अंग दुखतंय म्हणून आत्या डब्यातली गोळी काढतात. नाव वाचा. अॅस्पिरिन असेल तर हात आखडा. प्लेटलेटला केंद्रक नसतं. अॅस्पिरिननं बंद पाडलेलं एन्झाइम तिला नव्यानं घडवता येत नाही, ती सात-दहा दिवस जगते तोवर तशीच अर्धवट कामाची राहते. आयबुप्रोफेनही सध्या नको. पॅरासिटॅमॉल मागा, डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच, आणि पाणी पीत राहा.